घराचा मोड भिंतीवरच्या बटणातून बदलताना

स्मार्ट दिवे, एखाद-दुसरा स्मार्ट प्लग आणि दोन-चार सेन्सर घरात आले की पहिले काही दिवस मजेत जातात. अंधार पडला की गॅलरीतला दिवा लागतो, पॅसेजमध्ये पाऊल टाकलं की उजेड होतो, सकाळी गीझर वेळेवर सुरू होतो. मग एका रात्री पाहुणे हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलेले असतात, कोणीतरी पाणी प्यायला उठतं आणि हॉलचा दिवा भक्कन पेटतो. किंवा नोकरीवर जाणारे सगळे बाहेर पडले म्हणून घर स्वतःला रिकामं समजतं आणि पंखे बंद करतं. आजी मात्र आतल्या खोलीत दुपारची आडवी झालेली असते. सेन्सर ठीक चाललेला असतो, नियमही आपणच लिहिलेला असतो, तरी वागणं चुकतं. कारण घरात आत्ता काय चाललं आहे हे त्या नियमाला कोणी सांगितलेलंच नसतं.

हे सांगण्याची सोय म्हणजे मोड. तो बदलण्याची सगळ्यात चांगली जागा फोनमध्ये असते असं मला वाटत नाही. ती भिंतीवर असते, जिथे घरातल्या प्रत्येकाचा हात न शिकवता जातो. हे कसं जमवायचं, आणि त्यात नेमकं काय फसतं, ते इथे सविस्तर बघू.

आधी सीन, रूटीन आणि मोड या तीन गोष्टी वेगळ्या करून घ्यायला हव्यात, कारण बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो.

सीन म्हणजे ठरवून ठेवलेली मांडणी. हॉलचे दोन दिवे ४० टक्क्यांवर, टीव्हीमागची पट्टी चालू, ट्यूब बंद. सीन लावला, दिवे तसे झाले, त्याचं काम संपलं. पुढच्या मिनिटाला कोणी ट्यूब लावली तर सीनला त्याचं काही देणंघेणं नसतं.

रूटीन किंवा ऑटोमेशन म्हणजे नियम. त्याचे तीन भाग असतात: एखादी घटना घडली, अमुक अट पूर्ण होत असली, तर ही कृती कर. सेन्सरला हालचाल दिसली ही घटना, सूर्यास्त होऊन गेलेला आहे ही अट, पॅसेजचा दिवा लाव ही कृती.

मोड म्हणजे घराची चालू अवस्था. दिवस, संध्याकाळ, रात्र, बाहेर. एका वेळी यातली एकच अवस्था खरी असते, आणि कोणी बदलेपर्यंत ती तशीच राहते. हुबिटॅट नावाच्या हबमध्ये (हब म्हणजे सगळी उपकरणं जोडणारं आणि नियम चालवणारं छोटं यंत्र) डे, ईव्हनिंग, नाइट आणि अवे असे चार मोड सुरुवातीपासूनच दिलेले असतात. स्मार्टथिंग्ज २०१२ मध्ये लोकांकडून पैसे उभे करून सुरू झालं आणि २०१४ मध्ये सॅमसंगने विकत घेतलं. त्यांच्याकडे होम, अवे आणि नाइट असे तीन मोड होते. होम असिस्टंट ही पॉलस स्काउट्सेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली मुक्त प्रणाली. तिच्यात ड्रॉपडाउन नावाचा हेल्पर, म्हणजे पर्यायांची एक यादी, बनवायचा आणि आपल्या घराला शोभतील ती नावं त्यात स्वतः भरायची. मला ही पद्धत सगळ्यात जास्त आवडते, कारण 'गणपती' किंवा 'परीक्षा' असा मोड दुसऱ्या कोणत्याही कंपनीने आपल्यासाठी आधीच बनवून ठेवलेला नसतो.

आता मुख्य मुद्दा. मोड नियमात दोन जागी बसू शकतो. मोड बदलला ही घटना असते, आणि मोड अमुक आहे ही अट असते. बहुतेक लोक फक्त पहिली जागा वापरतात: रात्र मोड झाला की सगळे दिवे घालव. हे चालतं, पण त्यात आणि सीनमध्ये फारसा फरक उरत नाही. मोडची खरी ताकद दुसऱ्या जागेत आहे. पॅसेजमधला एकच सेन्सर घ्या. संध्याकाळ मोड असेल तर हालचाल दिसताच दिवा ८० टक्के. रात्र मोड असेल तर १० टक्के, पिवळसर, आणि हॉलच्या दिव्याला हातही लावायचा नाही. बाहेर मोड असेल तर दिवा लागो न लागो, फोनवर सूचना आली पाहिजे, कारण रिकाम्या घरात कोणी चालायला नको आहे. सेन्सर तोच, तिथे घडणारी घटनाही तीच. अर्थ मात्र मोडप्रमाणे बदलतो. असं एकदा लिहून झालं की बटणाला फार थोडं काम उरतं. बटण दाबल्यावर पंधरा उपकरणांना आज्ञा द्यायच्या नसतात, एकच शब्द बदलायचा असतो. बाकीचे नियम त्या शब्दाकडे बघून वागतात.

म्हणून माझा आग्रह असा की बटणाच्या नियमात दिव्यांची नावं येऊच देऊ नयेत. बेडजवळचं बटण दाबलं की मोड 'रात्र' कर, इथे तो नियम संपवायचा. मोड 'रात्र' झाला की काय काय व्हायचं ते वेगळ्या नियमात. उद्या बटण बदललं, मोबाइलवरून मोड बदलला किंवा स्पीकरला सांगितलं, तरी पुढचं सगळं तसंच घडतं. नवा दिवा घेतला तर बदल एकाच जागी करावा लागतो.

मोडांची यादी करताना आणखी एक गोष्ट सांभाळा. वेळेचे मोड आणि माणसांचे मोड एकाच यादीत कोंबू नका. दिवस, संध्याकाळ, रात्र हे वेळेचे. घरात, बाहेर, गावाला हे माणसांचे. एकाच यादीत सगळं घातलं की 'संध्याकाळ पण बाहेर', 'रात्र पण गावाला' अशी जोडनावं सुरू होतात, आणि तीन गुणिले तीन म्हणजे नऊ अवस्था सांभाळाव्या लागतात. दोन स्वतंत्र याद्या ठेवल्या तर सहाच नावं पुरतात आणि नियमात दोन अटी शेजारी शेजारी लिहिता येतात. हुबिटॅटसारख्या ठिकाणी मोडची यादी एकच असते. तिथे वेळेसाठी ती वापरायची आणि माणसांसाठी एक-दोन आभासी, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमधले, स्विच ठेवायचे.

पाहुणे, सण असल्या गोष्टी या दोन्ही याद्यांच्या बाहेर. त्या चालू किंवा बंद इतक्याच असतात. पाहुणे चालू असताना हॉलचा हालचाल-सेन्सर दिवे लावणार नाही आणि 'सगळे बाहेर गेले' हा नियम आपोआप चालणार नाही, कारण पाहुण्यांचे फोन घराला ओळखीचे नसतात. सण चालू असला की आकाशकंदिलाचा प्लग सूर्यास्ताला लागेल आणि रात्री अकराला विझेल. दिवाळी संपली की एक बटण बंद, नियम पुढच्या वर्षीपर्यंत शांत पडून राहतो. पुन्हा लिहावा लागत नाही.

आता बटणाकडे येऊ. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे.

आपल्या बोर्डवरचा साधा स्विच दाबला की तिथेच राहतो, वर किंवा खाली. त्याला स्वतःची स्थिती असते. घराच्या मोडलाही स्वतःची स्थिती असते. समजा वर म्हणजे 'घरात' आणि खाली म्हणजे 'बाहेर' असं ठरवलं. सकाळी निघताना स्विच खाली केला. संध्याकाळी मुलीने गाडीतूनच फोनवर मोड 'घरात' केला. आता मोड घरात आणि स्विच खाली. दुसऱ्या दिवशी निघताना स्विच आधीच खाली आहे, दाबायचा कसा? भिंतीवरच्या साध्या स्विचला सॉफ्टवेअर स्वतः हलवू शकत नाही, त्यामुळे या दोघांचं कधीतरी बिनसणारच.

याचं उत्तर आपल्या जिन्यात कित्येक वर्षांपासून आहे. खालच्या मजल्यावर एक स्विच, वरच्या मजल्यावर एक, दोघांचा दिवा एकच. टू-वे वायरिंग केलेल्या त्या स्विचवर चालूची किंवा बंदची ठराविक बाजू नसते. स्विच वर आहे की खाली यावरून दिवा लागला आहे का हे कळत नाही; तो हलवला की दिव्याची स्थिती पालटते, एवढंच. स्मार्ट घरातही तेच करायचं: स्विचच्या जागेला अर्थ द्यायचा नाही, हलवण्याला द्यायचा.

त्याहून बरं म्हणजे दाबून सोडलं की परत वर येणारं बटण, दारावरच्या बेलचं असतं तसं. त्याला स्वतःची स्थितीच नसते, त्यामुळे मोडशी भांडण व्हायचा प्रश्न येत नाही. मॉड्युलर स्विचच्या जवळपास सगळ्या मालिकांमध्ये बेल पुश मिळतो, तोही इतर स्विचच्याच मापात आणि रंगात. बोर्डवर एखादी जागा रिकामी असेल, तिथे नुसती कोरी पट्टी लावलेली असेल, तर बेल पुश तिथे सहज बसतो.

पण जिन्याचं तत्त्व मोडसाठी जसंच्या तसं घेऊ नये, आणि हे मी मुद्दाम सांगतो. दिव्याला 'उलट कर' म्हटलेलं चालतं, कारण दिवा समोर दिसतो. मोड दिसत नाही. अंथरुणावर पडल्यावर बटण दाबलं, दाबलं गेलं की नाही अशी शंका आली, पुन्हा दाबलं. 'उलट कर' असा नियम असेल तर घर परत संध्याकाळ मोडमध्ये गेलं आणि हॉलचे दिवे लागले. म्हणून बेडजवळच्या बटणाची आज्ञा 'रात्र कर' अशीच हवी, कितीही वेळा दाबलं तरी उत्तर एकच. दारापाशी 'बाहेर कर'. परत येण्यासाठी दुसरं बटण ठेवा, किंवा तेच बटण लांब दाबून धरायचं असं ठरवा.

'कर' आणि 'उलट कर' हा फरक टीव्हीच्या रिमोटमध्येही आहे आणि तिथे तो बऱ्याच जणांना अडवतो. टीव्हीच्या रिमोटचं पॉवर बटण बहुधा 'उलट कर' असाच इशारा पाठवतं. रात्र मोड झाल्यावर इन्फ्रारेड ब्लास्टरने (रिमोटसारखे इशारे पाठवणाऱ्या छोट्या यंत्राने) टीव्हीला पॉवरचा इशारा द्यायचा असं लिहिलं, आणि टीव्ही आधीच बंद असेल, तर तो चालू होतो. एसीचे रिमोट सहसा वेगळे असतात. ते दर वेळी चालू-बंद, तापमान, पंख्याचा वेग अशी सगळी माहिती एकत्र पाठवतात, त्यामुळे 'एसी बंद' दोनदा गेलं तरी बिघडत नाही. टीव्हीसाठी स्मार्ट प्लग किती वीज ओढतो आहे ते बघून, खरंच चालू असेल तरच इशारा द्यावा.

एक दाब, दोन दाब आणि लांब दाब असे तीन इशारे बहुतेक झिगबी बटणं (झिगबी ही कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत) देतात, आणि एकाच बटणात तीन मोड बसवायचा मोह होतो. दोन कारणांनी तो आवरावा. एक म्हणजे तांत्रिक: दोन दाब ओळखायचे असतील तर पहिल्या दाबानंतर दुसरा येतो का हे बघत बटणाला क्षणभर थांबावं लागतं, त्यामुळे एका दाबाचं कामही किंचित उशिरा होतं. दिव्यांच्या बाबतीत तो उशीर जाणवतो. दुसरं कारण घरातल्या माणसांचं. दोनदा दाबलं तर काय आणि धरून ठेवलं तर काय हे फक्त ज्याने बसवलं त्याच्याच लक्षात राहतं. रोजचं काम एका दाबावर, आणि क्वचित लागणारं एखादंच काम लांब दाबावर, इथे थांबावं.

बटणाचे प्रकार थोडक्यात. बॅटरीवर चालणारी झिगबी बटणं भिंतीला चिकटवता येतात, वायर ओढावी लागत नाही. त्यांच्यात बहुधा सीआर२०३२ सारखी नाण्याएवढी बॅटरी असते, आणि बराचसा वेळ ती झोपलेली असतात. दाबलं की जागी होऊन निरोप देतात आणि पुन्हा झोपतात. म्हणून एवढीशी बॅटरीही दीर्घकाळ पुरते. बॅटरीवरचं वाय-फाय बटण जागं होऊन राउटरशी जोडलं जायला जास्त वेळ घेतं. त्याची सवय व्हायला लागते. काही बटणांत बॅटरीच नसते, दाबण्याच्या जोरातूनच निरोपापुरती वीज तयार होते. फिलिप्स ह्यूचं सुरुवातीचं टॅप बटण असं होतं. ते दाबायला मात्र जरा कडक लागतं.

भाड्याच्या घरात चिकटवायची बटणंच बरी. स्वतःच्या घरात मला भिंतीतला स्विच जास्त पटतो, कारण तो कुठे हरवत नाही आणि त्याची बॅटरी संपत नाही. यासाठी शेली किंवा सोनॉफसारख्या कंपनीचं छोटं रिले मॉड्यूल (रिले म्हणजे इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा स्विच) बोर्डच्या आत, स्विचमागे बसवतात. नेहमीच्या जोडणीत स्विच दाबला की मॉड्यूल आपला रिले चालू-बंद करतं. पण शेलीच्या सेटिंगमध्ये डिटॅच्ड नावाचा पर्याय असतो. तो निवडला की स्विच आणि रिलेची फारकत होते: स्विच दाबला तर मॉड्यूल फक्त निरोप देतं, रिले हलत नाही. मोड बदलायला आपल्याला नेमकं हेच हवं असतं. स्विचचा प्रकार बटण आहे की साधा स्विच हेही तिथेच सांगायचं. बेल पुश लावला असेल तर बटण.

या पर्यायाचा आणखी एक उपयोग. घरात स्मार्ट बल्ब असेल आणि कोणी सवयीने भिंतीवरचा जुना स्विच बंद केला, तर बल्बची वीजच जाते. मग ना फोन चालतो ना नियम. बल्बची वीज कायम चालू ठेवायची आणि स्विच डिटॅच्ड करून त्याचा फक्त निरोप वापरायचा, म्हणजे आजोबांनी नेहमीसारखा स्विच दाबला तरी दिवा जातो आणि बल्ब जाळ्यात राहतो. मात्र अशा जोडणीत हब बंद पडला तर भिंतीवरचा स्विचही निरुपयोगी होतो. म्हणून जिना, बाथरूम आणि स्वयंपाकघर इथले दिवे मी कधीच हबच्या भरवशावर ठेवणार नाही. तिथे स्विचने रिले थेट चालला पाहिजे. स्मार्टपणा वरून आला तर आला.

वायरिंगचं काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. काही मॉड्यूलमध्ये स्विचकडे जाणाऱ्या बारीक तारेतही पूर्ण २३० व्होल्ट असतात. नुसतं बटण आहे म्हणून फोनची जुनी वायर वापरण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. गीझर मोडला जोडायचा असेल तर आकडे तपासा: २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो, ३००० वॉटचा १३ अँपिअर. १० अँपिअरचं मॉड्यूल पहिल्याला काठावर आणि दुसऱ्याला अजिबात चालणार नाही. १६ अँपिअरचं घ्या, किंवा मॉड्यूलने कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा मोठा रिले) चालवा आणि कॉन्टॅक्टरने गीझर.

आभासी स्विचचा उल्लेख वर आला. तो भिंतीवर कुठेच नसतो, फक्त सॉफ्टवेअरमध्ये असतो; चालू किंवा बंद एवढंच त्याला कळतं. त्याचा उपयोग दुभाष्याचा. अलेक्सा किंवा गूगलच्या स्पीकरला तुमच्या हबमधले मोड नेहमी दिसतातच असं नाही, पण स्विच दिसतो. 'गावाला' नावाचा आभासी स्विच बनवून स्पीकरला दाखवला की तोंडी सांगून तो चालू करता येतो, आणि हबमधला नियम त्यावरून मोड बदलतो. उलट दिशेनेही हाच दुभाष्या चालतो: मोड बदलला की स्विच त्याप्रमाणे लावायचा, म्हणजे स्पीकरला खरी स्थिती कळते. फक्त या दोन नियमांचं वर्तुळ होऊ देऊ नका. स्विचने मोड बदलला, मोडने स्विच बदलला, स्विचने पुन्हा मोड. 'आधीच तसा नसेल तरच बदल' ही एक अट दोन्ही बाजूंना घातली की वर्तुळ तुटतं.

मॅटर या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीच्या सामायिक मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि तिच्यामुळे एकच उपकरण एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांच्या ॲपला जोडता येऊ लागलं. सोय मोठी आहे, पण मोडच्या बाबतीत काळजी घ्या. एका ॲपमध्ये रात्रीचा नियम, दुसऱ्यात संध्याकाळचा, दोघांचा दिवा एकच. मग दिवा का लागला हे शोधताना तासभर जातो. उपकरणं कितीही ठिकाणी जोडा. मोड एकाच ठिकाणी लिहिलेला असू द्या, बाकीच्यांनी त्याला विचारावं.

बटण आणि आपोआप चालणारं वेळापत्रक यांत कोणाचं ऐकायचं? समजा डोकं दुखतंय म्हणून कोणी साडेसहालाच 'रात्र' दाबून झोपलं आणि पावणेसातला सूर्यास्ताच्या नियमाने मोड 'संध्याकाळ' केला. घरातले दिवे लागले. अशा एका प्रसंगानंतर त्या माणसाचा स्मार्ट घरावरचा विश्वास उडतो, आणि ते योग्यच आहे. माझा नियम असा: माणसाने हाताने दिलेला मोड आपोआप चालणाऱ्या नियमाने पुढच्या सकाळपर्यंत बदलायचा नाही. हे लिहायला सोपं आहे. सूर्यास्ताच्या नियमात 'मोड दिवस असेल तरच' अशी अट घाला. दिवसातून संध्याकाळ होईल, रात्रीतून होणार नाही.

आणि संध्याकाळसाठी घड्याळाची वेळ वापरू नका. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात होऊन गेल्यावर. साडेसहाचा नियम हिवाळ्यात उशिरा आणि उन्हाळ्यात फार लवकर चालेल. शहराचं ठिकाण सांगितलं की हब सूर्यास्ताची वेळ स्वतः काढतो. पावसाळ्यात भरून आलं की दुपारी तीनलाच अंधारतं. त्यासाठी खिडकीपाशी उजेड मोजणारा सेन्सर असेल तर उत्तम, नसेल तर 'संध्याकाळ' बटण आहेच.

घर रिकामं आहे हे फोनवरून ओळखण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सगळ्यांचे फोन वाय-फायच्या बाहेर गेले म्हणजे घर रिकामं, हा नियम दोघांच्या नोकरदार घरात चालतो. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, फोन नसलेलं मूल आहे, दुपारी स्वयंपाकाच्या मावशी येतात, तिथे तो माणसं असताना घर बंद करतो. फोनवरून हवं तर सूचना पाठवा, 'घर बाहेर मोडमध्ये टाकू का?' एवढीच. निर्णय दारापाशी बटण दाबणाऱ्याचा. आणि आतल्या खोलीत आजींच्या हाताजवळही एक बटण हवं, जे दाबलं की मोड 'घरात' होईल. ज्याला स्मार्ट फोन वापरता येत नाही त्याला स्वतःच्याच घरात पंख्यासाठी कोणाला हाक मारावी लागू नये.

'बाहेर' दाबल्यावर लगेच काही करू नका. चपला घालायच्या असतात, कुलूप लावायचं असतं, छत्री आत राहिलेली असते. मोड बदलल्यावर एक मिनिट थांबून दिवे घालवा, आणि हालचालीच्या सूचना दोन मिनिटांनी सुरू करा. तेवढ्यात कोणी 'घरात' दाबलं तर थांबलेली कामं रद्द झाली पाहिजेत. थांबून झाल्यावर 'मोड अजून बाहेरच आहे का' हे पुन्हा तपासायला लावलं की ते आपोआप साधतं. दाबल्याची पोच मात्र लगेच हवी. दाराजवळचा दिवा एकदा लुकलुकला तरी पुरे. पोच मिळाली नाही की माणसं पुन्हा पुन्हा दाबतात.

गौरी-गणपतीला कोकणात आठवडाभर जायचं असेल तर 'गावाला' मोड वेगळा ठेवावा. गीझर पूर्ण बंद, संध्याकाळी एखाद-दोन दिवे थोडा वेळ चालू, दार उघडलं तर सूचना. राउटर आणि हब ज्या प्लगवर आहेत तो कोणत्याच मोडमध्ये बंद होता कामा नये, नाहीतर तुम्ही गावाला पोचेपर्यंत घराशी संपर्क तुटलेला असेल. फ्रिजच्या प्लगलाही मोडपासून दूर ठेवा.

वीज जाऊन परत येणं ही या सगळ्याची खरी परीक्षा. वीज आली की दिवे आणि मॉड्यूल काही सेकंदांत उठतात, हब आणि राउटर मागून येतात. मधल्या काळात तीन गोष्टी बिघडतात. पहिली, स्मार्ट बल्ब पूर्ण उजेडात पेटतात, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. बहुतेक बल्बांत वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'आधी होतं तसं' वर ठेवा. दुसरी, साधा स्विच लावलेलं मॉड्यूल जागं झाल्यावर 'मी खाली आहे' असं पहिल्यांदा कळवतं आणि ढिला लिहिलेला नियम त्यालाच दाबणं समजतो. कोणी न दाबता मोड बदलतो. 'संपर्कात नव्हता' मधून आलेला बदल धरू नये असं नियमात सांगता येतं. बेल पुशला ही अडचण मुळात कमी. तिसरी, पहाटे वीज नसताना सूर्योदय होऊन गेला तर 'दिवस कर' हा नियम चाललाच नाही, आणि घर दुपारपर्यंत रात्र मोडमध्ये राहिलं. यासाठी हब सुरू झाल्यावर चालणारा एक नियम लिहा: आत्ता किती वाजले आहेत ते बघ आणि मोड त्याप्रमाणे लाव. होम असिस्टंटमधला ड्रॉपडाउन बंद होण्याआधीचा मोड लक्षात ठेवतो, पण फक्त त्याला सुरुवातीची किंमत नेमून दिलेली नसेल तर. राउटर आणि हब इन्व्हर्टरवर घेतले तर यातलं बरंच टळतं.

इंटरनेट गेलं तर काय, हे तुमचे नियम कुठे चालतात यावर आहे. होम असिस्टंट आणि हुबिटॅट नियम घरातल्याच यंत्रावर चालवतात, त्यामुळे झिगबी बटण आणि झिगबी दिवा यांना इंटरनेट लागत नाही. नियम कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर लाइन गेल्यावर बटण मुकं होतं. विकत घेण्याआधी दुकानदाराला हाच प्रश्न विचारावा. घेऊन झालं असेल तर राउटरमागची इंटरनेटची वायर दहा मिनिटं काढून प्रत्येक बटण दाबून बघा.

काही चुकलं तर अंदाज बांधत बसू नका. होम असिस्टंटमध्ये प्रत्येक ऑटोमेशनचा ट्रेस असतो: कोणत्या घटनेने सुरू झालं, कोणती अट अडली, कुठवर गेलं. हुबिटॅटमध्ये लॉग आहेत. मोड कोणी बदलला हे तिथे वेळेसकट दिसतं.

सुरुवात करायची तर दोनच बटणांनी करा, बेडजवळ 'रात्र' आणि दारापाशी 'बाहेर'. रात्र मोडला पहिल्यांदा फक्त हॉलचे दिवे, टीव्ही आणि मच्छरांचं मशीन जोडा. पंख्यांना हात लावू नका. आठवडाभर घरातल्यांना वापरू द्या, आणि कोण कधी कुरकुरतं ते ऐका. पॅसेजचा सेन्सर, गीझर आणि सूचना त्यानंतर. प्रत्येक बटणाखाली मराठीत, मोठ्या अक्षरात त्याचं नाव चिकटवा. आणि बोर्डच्या कोणत्या खोक्यात कोणतं मॉड्यूल आहे, त्यातला कोणता स्विच डिटॅच्ड आहे, याचा एक कागद एमसीबीच्या डब्याच्या झाकणाआड ठेवून द्या. तुम्ही घरात नसताना वायरमन आला तर त्याला पहिल्यांदा तोच लागेल.